नऊ नंबरचा हात

“नऊ नंबर! हात!”

पंचांनी शिट्टी तोंडातून काढून माझ्याकडे बोट केलं आणि मी निमूट उजवा हात वर केला. बास्केटबॉलमध्ये तेव्हा तसा नियम होता. फाउल जिच्या हातून झाला तिनं हात सरळ डोक्यावर न्यायचा, म्हणजे टेबलाशी बसलेल्या गुणलेखकाला कळायचं, फुली कुणाच्या नावापुढे मारायची. हात वर, मान खाली, की पुढचा खेळ सुरू.

माझा हात वर गेला आणि पश्चिमेच्या पायऱ्यांवरून खणाखणा झांज वाजली.

सगळं मैदान तिकडे वळलं. पंचसुद्धा वळले. मी वळले नाही. त्या झांजेचा आवाज मी पाळण्यात असल्यापासून ओळखत होते.

“आता ही आरती कुठली लागली मधीच?” हेमा घोरपडे माझ्या शेजारून पळता पळता म्हणाली. हेमा आमची कर्णधार, कागलकडची, वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणारी. “बघ की गं, पगडीवालं म्हातारं बसलंय. तुझ्या फाउलला टाळ्या पिटतंय!”

“खेळाकडे बघ,” मी म्हटलं.

पगडीवालं म्हातारं म्हणजे माझे वडील. कीर्तनकार दिगंबरबुवा खटावकर. घरात आम्ही नाना म्हणायचो. कोल्हापुरात एका देवळात त्यांची आठ दिवसांची कीर्तनं लागली होती आणि मैदान त्या देवळापासून हाकेच्या अंतरावर निघालं. मी कार्डावर लिहिलं होतं, ‘शनिवारी चार वाजता सामना आहे, आपण त्रास घेऊ नये.’ नानांनी त्यातलं पहिलं वाक्य वाचलं. सहाला कीर्तन, म्हणून ते पोशाख करूनच आले होते. पगडी, उपरणं, पायघोळ अंगरखा, कपाळाला बुक्का, खांद्याला झोळी आणि झोळीत झांजा.

त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं. दहा पोरींमधून पंच आपल्याच लेकीकडे बोट दाखवतात, ती हात वर करते, सगळे तिच्याकडे बघतात. कीर्तनात जयजयकाराला हात वर जातात, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी झांज वाजवली.

दुसऱ्या फाउलला वाजली. तिसऱ्याला तर चांगली लय धरून वाजली, आणि त्यांच्याभोवतीची कॉलेजची पोरं हसून हसून पायऱ्यांवर आडवी झाली.

सगळ्या गोष्टी मुकाट सोसता येतात, पण त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. एकोणीसशे त्र्याऐंशी साल. विभागीय अंतिम सामना, सांगलीचं आमचं कॉलेज विरुद्ध कोल्हापूरचं एक नावाजलेलं. माझं शेवटचं वर्ष. टेबलामागे विद्यापीठाचे तीन निवडसमितीवाले बसले होते आणि सामना संपला की लगेच विद्यापीठाच्या संघाची बारा नावं वाचली जाणार होती. बारांतलं एक माझं, हे सगळे धरूनच चालले होते. मी चांगली खेळत होते. साठी उलटल्यावर हे सांगायला हरकत नाही, कारण आता कुणी ‘दाखव’ म्हणणार नाही. पाच फूट दहा इंच उंची, आणि कुठूनही उडी मारली की चेंडू जाळीत. उपांत्य सामन्यात आमचे एकावन्न गुण झाले, त्यातले अठ्ठावीस माझे. गावात माझ्या उंचीची काळजी करणाऱ्या बायका होत्या. मैदानावर तीच उंची बघायला दुसऱ्या कॉलेजची पोरं येत. विद्यापीठाकडून खेळले की पुढे राज्य, राज्याकडून खेळले की पुढे देश, अशी शिडी मी मनात लावून ठेवली होती. रोज संध्याकाळी रामरायाला सांगायचे, तू फक्त शिडी धर, चढते मी.

आणि शिडीच्या पायथ्याशी झांज वाजत होती.

मी नानांची ओळख का दिली नाही, तेही सांगते. पहिल्या वर्षी वसतिगृहात एका मुलीनं खांद्यावर टॉवेल टाकून कीर्तनकाराची नक्कल केली होती. डोळे मिटणं, खोकणं, मध्येच ‘श्रोतेहो’ म्हणून बोट नाचवणं. सगळ्या लोळल्या. सगळ्यांत जास्त मी लोळले, कारण नक्कल खरोखरच चांगली होती. मग हेमानं विचारलं, “तुझे वडील काय करतात गं?” आणि मी म्हटलं, “संस्कृत शिकवतात.”

मी कीर्तनवेडी. तेव्हाही होते, आजही आहे. सुट्टीच्या दुपारी हेमाला मी आख्यानंच्या आख्यानं ऐकवायची, साकी-दिंडी म्हणून दाखवायची. ती म्हणायची, “कुठं शिकलीस गं एवढं?” मी सांगायची, “रेडिओवर.” असं मी अडीच वर्षं नानांना रेडिओ करून टाकलं होतं.

पूर्वार्ध संपता संपता आमचा एक सुंदर बास्केट झाला आणि नानांच्या पुढच्या पायरीवरची पाच-सहा पोरं उठून नाचायला लागली. नानांना दिसेना. त्यांनी उजवा हात वर केला. तो हात मी हजारदा बघितला होता. नानांच्या कीर्तनाला एकच नियम होता, आरतीपर्यंत कुणी उठायचं नाही. कुणी उठलंच तर नाना गाणं थांबवत नसत, रागावत नसत. हात खांद्यापासून सरळ वर, तळवा श्रोत्याकडे, आणि मग बोटं एकदाच हलकेच खाली दाबायची. मामलेदार बसलेले मी बघितलेत. नाचणारी ती पोरं एकमेकांकडे बघत बसली. का बसलो, ते त्यांनाही कळलं नसावं.

मध्यंतरात पाण्याच्या पिंपापाशी आम्ही घाम पुसत उभ्या होतो. आमचे प्रशिक्षक मोहिते सर आले.

“शरयू, तीन झालेत तुझे. पाच झाले की बाहेर. तू बाहेर म्हणजे आपण सगळेच बाहेर. कळतंय?”

“हो सर.”

“आता नीट ऐक. रेटारेटीत काही झालं, शिट्टी वाजली आणि पंचाला नंबर दिसला नाही, तर तू हात वर करायचा नाहीस. हात हेमा करेल. हेमाचे दोनच आहेत.”

“पण सर, फाउल माझा असला तर?”

“तर काय? पंच हात मोजतो, मन मोजत नाही. सगळी कॉलेजं करतात हे.”

“सोड गं,” हेमा म्हणाली. “तुझं पाप माझ्या नावावर. परत देऊ नकोस म्हणजे झालं.”

मी एकादशी करणारी, पोथी वाचल्याशिवाय चहा न घेणारी मुलगी. मी मान डोलावली. फार विचार करावा लागला, असंही नाही.

सर गेल्यावर हेमानं पिंपातून पेला भरून माझ्या हातात दिला. “खरं सांग, कोण गं ते बुवा? तुझा हात वर झाला की वाजवतंय. दुसऱ्या कुणाच्या फाउलला एकदा तरी वाजवलं का?”

“कुणास ठाऊक,” मी म्हटलं.

“वळखीचं नाही?”

“छे गं. असेल कुणी देवळातला. सध्या उत्सव चाललाय ना जवळ.”

“बिचारं,” हेमा म्हणाली. “डोक्याला ऊन लागलं असेल.”

आणि मी हसले. तेच ते वसतिगृहातलं हसू.

बाकावर परत आले तर माझ्या पिशवीवर वर्तमानपत्राच्या कागदाची एक लहानशी पुडी होती. खडीसाखर आणि दोन लवंगा. कीर्तनकारांना गळ्यासाठी लागते ती. कुणाच्या तरी हाती पाठवली असेल म्हणून मी गुपचूप तोंडात टाकली, कागद चुरगाळून बाकाखाली सरकवला आणि उत्तरार्धाला उतरले.

उत्तरार्धात माझा चौथा फाउल झाला. मी हात वर केला आणि दात आवळून झांजेची वाट बघितली. वाजली नाही. म्हटलं, सुटले. शेजारच्या कुणीतरी नानांना नियम समजावला असेल.

शेवटचं मिनिट लागलं तेव्हा आम्ही एका गुणानं पुढे होतो. एक्केचाळीस-चाळीस. चेंडू त्यांच्याकडे. त्यांची एक बुटकी, चपळ मुलगी कडेनं आत घुसली. मी तिच्यावर, हेमा तिच्यावर, आणखी एक आमची. ती उडाली. मीही उडाले. माझा हात चेंडूवर जायचा तो तिच्या मनगटावर बसला, चांगला चपराकीसारखा. ती पडली, तिच्या अंगावर मी पडले आणि माझा गुडघा सिमेंटवर खरवडत गेला.

शिट्टी वाजली.

पंच आमच्या पाठीमागे होते. त्यांना चपराक ऐकू आली होती, हात दिसला नव्हता. ते धावत आले आणि आमच्या तिघींकडे आळीपाळीनं बघायला लागले. मी उठून उभी राहिले. गुडघ्यातून रक्त मोज्यापर्यंत आलं होतं. हेमानं डोळ्यांनीच मला ‘गप’ म्हटलं आणि स्वतःचा हात उचलायला घेतला. सगळं मोहिते सरांनी सांगितल्यासारखं चाललं होतं.

तेवढ्यात पश्चिमेच्या पायऱ्यांवर नाना उठून उभे राहिले.

रक्त बघितलं होतं त्यांनी. उपरणं एका खांद्यावरून घसरलेलं, एक पाय खालच्या पायरीवर, तोंड उघडलेलं. ते काय म्हणणार होते ते मला दिसत होतं. ‘शरू!’ आणि नानांचा आवाज म्हणजे ध्वनिक्षेपकाशिवाय हजार माणसांना पुरणारा. ‘शरू’ म्हणत ते मैदानात आले असते, उपरण्यानं माझा गुडघा बांधायला बसले असते, आणि टेबलामागच्या तीन साहेबांसमोर, अख्ख्या कोल्हापूरसमोर, हेमासमोर माझा रेडिओ चालता-बोलता उभा राहिला असता.

माझा हात वर गेला. तळवा त्यांच्याकडे. बोटं एकदाच खाली दाबली. बसा.

नाना बसले.

आणि पंच माझ्याकडे बघत होते.

“नऊ नंबर?” ते म्हणाले. त्यांना माझे चार फाउल ठाऊक होते. भला माणूस असावा, कारण त्यांनी परत विचारलं. “नक्की तुझा? बघ हं.”

हेमाचा हात खांद्यापर्यंत येऊन थांबला होता. “नाही सर, माझा—” ती म्हणाली.

मला एवढंच सांगायचं होतं, ‘सर, मी फाउलचा हात केला नाही, ते माझे वडील आहेत, त्यांना बसा म्हणत होते.’ एका श्वासात होणारं वाक्य. पण त्यात एक शब्द होता जो मी मध्यंतरात हेमासमोर गिळला होता. हात वर होता. मी तो तसाच ठेवला.

“माझाच,” मी म्हटलं.

टेबलावर पाचाचा आकडा वर झाला. त्या बुटक्या मुलीनं दोन्ही फ्री थ्रो घातले. मी बाकावर बसून ते बघितलं. बेचाळीस-एक्केचाळीस. सामना गेला.

हेमा टॉवेल उचलून तरातरा निघून गेली. मोहिते सर एकच वाक्य बोलले, “तुला एवढंच सांगितलं होतं.” मी पायऱ्यांकडे बघितलं. सहा वाजत आले होते आणि नानांची जागा रिकामी होती.

मग बक्षीस समारंभ झाला. निवडसमितीचे प्रमुख उठले आणि म्हणाले, आज आम्ही जिंकण्यापेक्षा मोठी गोष्ट पाहिली. पंचांना न दिसलेला अपराध एका मुलीनं भर मैदानात, विजय हातात असताना, आपण होऊन कबूल केला. खास तिच्यासाठी एक कप जाहीर करीत आहोत. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी लंगडत जाऊन कप घेतला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मग त्याच हातानं खिशातला कागद काढून बारा नावं वाचली. त्यात माझं नव्हतं. हेमाचं होतं.

नंतर मोहिते सरांना ते म्हणाले म्हणे, “मुलगी सोन्यासारखी आहे हो. पण शेवटच्या मिनिटाला आपण होऊन हात वर करणारी मुलगी संघात घेऊन करायचं काय?”

माझी खेळाडू म्हणून कारकीर्द इतकीच. हेमा विद्यापीठाकडून खेळली, राज्याकडून खेळली, रेल्वेत लागली. शिडी रामरायानं धरली होती खरी, वर दुसरंच कुणी चढलं.

मला मात्र तो कप पुरला. साताऱ्याच्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले, तर संस्थेच्या अध्यक्षांनी प्रमाणपत्र वाचून चष्मा काढला. “अहो, अशीच एका मुलीची गोष्ट मी परवा कीर्तनात ऐकली. म्हणजे असं खरंच घडतं म्हणायचं!” मी म्हटलं, “घडतं कधीकधी.” जागा मिळाली. पुढे परीक्षा देऊन मी पंच झाले. बावीस वर्षं शिट्टी वाजवली. माझ्या निर्णयाविरुद्ध एकदाही तक्रार आली नाही. ‘खटावकर बाई म्हणजे सत्य’ असं लोक म्हणत. मी पोरींना दरडावायची, “हात वर! आपण होऊन!” आणि त्या करायच्या.

अध्यक्षांनी ऐकलेलं कीर्तन अर्थात नानांचं. त्या उत्सवातच त्यांनी हा दृष्टांत पहिल्यांदा सांगितला आणि मग कुठेही सत्याचा विषय निघाला की पूर्वरंगात तो यायचाच. मी नोकरीला लागल्यावर सुट्टीत त्यांच्यामागे पेटीला बसू लागले, त्यामुळे शेकडो वेळा ऐकला. 

“श्रोतेहो,” नाना म्हणायचे, “त्या खेळात एक टोपली असते. उंच बांधलेली. आणि तिला बूड नसतं! वरून टाकलं की खालून गेलं. दहा जणी त्या टोपलीसाठी ऊर फुटेस्तोवर धावतात. हसू नका. तुम्ही-आम्ही सकाळपासून दुसरं काय करतो?”

पहिल्या वर्षी मैदानात पाचशे माणसं होती. पाचव्या वर्षी पाच हजार झाली. माझा खरचटलेला गुडघा दहाव्या वर्षी मोडला. पण एक शब्द कधी बदलला नाही. “तर महाराज, एक मुलगी होती,” असंच ते म्हणत. माझी मुलगी म्हणत नसत. व्यासपीठावरून घरचं कौतुक करू नये, अशी कीर्तनकारांची रीत असेल, असं मी धरून चालले. शिवाय माझी सोयच होती. प्रत्येक वेळी ‘तिनं हात वर केला’ म्हटलं की सभामंडपात टाळी पडायची आणि पेटीच्या मागे मी भात्याकडे बघत बसायची.

नाना पंच्याऐंशीचे झाले. श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, आता गाणं बंद. नाना म्हणाले, “एक करतो. मग बंद.” आमच्या गल्लीतल्या दत्ताच्या देवळात, रविवारी सकाळी दहाला.

त्या सकाळी मी त्यांचा अंगरखा चढवत होते. बंद सोडवता सोडवता म्हटलं, “नाना, आज तो दृष्टांत नका सांगू.”

“कुठला?”

“टोपलीचा.”

“का गं? लोकांना आवडतो. बूड नसतं म्हटलं की बायका हसतात.”

“तो खरा नाही.”

त्यांनी हात बाहीत घालायचा थांबवला. मी भराभर बोलून टाकलं. इतकी वर्षं साठवलेलं दोन मिनिटांत संपलं, त्याचं मलाच नवल वाटलं. “मी फाउलसाठी हात वर केलाच नव्हता, नाना. मी गप्प राहणार होते. हेमाचा हात ठरला होता. तुम्ही उठलात, म्हणून मी तुम्हाला—”

“बस म्हणालीस.”

मी बंद मुठीत धरला.

“अगं, तो हात माझा आहे,” नाना म्हणाले. “पन्नास-साठ वर्षं मी तो हात लोकांना दाखवतोय. मला कळणार नाही? फाउलचा हात सरळ असतो. पहिले तीन तू सरळ केले होतेस. चौथाही. पाचव्याला बोटं दाबलीस. आणि मी बसलो की नाही?”

“मग एवढी वर्षं लोकांना काय सांगत होतात?”

“जे झालं ते. पंचांनी दोनदा विचारलं. तू हात खाली घेतला नाहीस. मी वाट बघत होतो, घेतेस का. वर कशासाठी गेला, ते तुझं तुला माहीत. खाली आला नाही, ते सगळ्यांनी बघितलं. मी तेवढंच सांगतो.”

मला त्यावर हो म्हणून मोकळं होता आलं असतं. ती त्यांनी उघडून दिलेली वाट होती. पण बंद माझ्या हातात तसाच होता.

“खाली का नाही घेतला, ठाऊक आहे?” मी विचारलं.

“आहे.”

“काय आहे?”

“घेतला असतास तर मी कोण, ते सांगावं लागलं असतं.” ते बाही शोधत होते. मी धरली. “मध्यंतरात पिंपामागे उभा होतो मी. तुला खडीसाखर द्यायला आलो होतो. तुमचं बोलणं चाललं होतं, म्हटलं मध्ये कशाला. बाकावर तुझी पिशवी ओळखली, ठेवली तिथे आणि गेलो.”

झांज उत्तरार्धात का वाजली नव्हती, ते मला चाळीस वर्षांनी कळलं.

“ती तुझी मैत्रीण,” नाना म्हणाले, “दणकट होती बघ, ती सामना संपल्यावर मी निघालो तेव्हा माझ्या मागे आली. रागात होती. म्हणाली, ‘ओ बुवा, ती नऊ नंबर तुमची कोण?’”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, कुणी नाही. चांगली खेळते, म्हणून वाजवत होतो.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी पगडी घेतली, त्यांच्या डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली.

“म्हणून ‘एक मुलगी’ म्हणता?”

“तुला ओळख द्यायची नव्हती. मग मी कशाला देऊ?”

“नाना, वाईट वाटलं तुम्हाला?”

“वाटलं की.” त्यांनी विचार केला. “सहापर्यंत वाटलं. सहाला कीर्तन होतं.” मग त्यांनी आरशात बघून पगडी स्वतःच सरळ केली. “चल, पेटी कोण आणतंय? आणि खडीसाखर घे.”

देऊळ भरलं होतं. नाना उभे राहिले तेव्हा पाय थरथरत होते, पण आवाज लागला आणि पाय थांबले. नमन झालं, अभंग झाला, निरूपण सत्यावर आलं. श्वास घ्यायला ते मध्येच थांबत, तेव्हा मी पेटीवर सूर धरून ठेवायची. टोपली आली. तिला बूड नसतं म्हटल्यावर बायका हसल्या.

“तर महाराज,” नाना म्हणाले, “एक मुलगी होती—”

माझी बोटं पेटीवरून उचलली गेली. तबला एकटाच चालू राहिला. मी उठून उभी राहिले. गुडघा कटकन वाजला, तोच तो. उजवा हात मी सरळ डोक्यावर नेला, बोटं न दाबता, नियमाप्रमाणे.

“ती मी,” मी म्हटलं. “शरयू. या बुवांची मुलगी.”

 मागून एक आजोबा म्हणाले, “अहो बाई, खाली बसा, बुवा दिसत नाहीत.”

नाना माझ्याकडे वळले.  मग तोंडातला सूर न सोडता त्यांनी उजवा हात वर केला, तळवा माझ्याकडे, आणि बोटं एकदाच हलकेच खाली दाबली.

मी बसले. हात मात्र खाली घेतला नाही.